ओली नळी

काचेची नळी उपडी करून ते तळहातावर दोनदा ठोकायचे, खिडकीच्या उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "ओली हाये, गा. ओल्या नळीत मरतेत ते."

'ते' म्हणजे कोंबड्याचे शुक्राणू. सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका सरकारी कुक्कुट केंद्रात मी प्रयोगशाळा सहायक होतो, खिशात कामगार संघटनेची पत्रकं घेऊन हिंडत होतो. नळी ठोकणारे हे तिथले परिचर. कृत्रिम रेतनासाठी कोंबड्याची पाठ चोळून वीर्य नळीत घ्यावं ते त्यांनीच. प्रत्येक कोंबड्याला "या, जावईबापू" म्हणत.

नवे साहेब आले. त्यांना स्वच्छतेचं वेड. नळ्या डिस्टिल्ड वॉटरनं विसळायच्या आणि लगेच वापरायच्या, असा हुकूम निघाला.

"साहेब, वाळू द्या. थेंबभर पाणीबी त्याईले मारते."

"अहो, हे शुद्ध पाणी आहे!"

"शुद्ध हाये म्हणूनच तं मारते, साहेब. मिठाच्या पाण्यात तगतेत."

साहेब हसले.

आठवड्यानं उबवणीतली अंडी दिव्यापुढे धरली, तर एकामागून एक रिकामी. जीव धरलाच नव्हता. साहेबांनी अहवालात लिहिलं: परिचराचा निष्काळजीपणा. परिचरांची भिवापूरला बदली झाली, गुरांच्या दवाखान्यात. तिथे कोंबडं औषधालाही नव्हतं.

मी पेटलो. वीर्याच्या थेंबात साहेबांच्याच बाटलीतलं पाणी घातलं आणि त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. सळसळणारे शुक्राणू बघता बघता फुगले, थांबले. अंगावरचं पातळ आवरणच फाटलं. ज्याचं आवरण फाटलं, तो अंड्यात शिरणार कसा?

साहेबांनी चष्मा पुसला. "अहवाल वर गेलाय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर सूचना लागली: नळ्या पूर्ण वाळवूनच वापराव्यात. खाली साहेबांची सही. बदली मात्र तशीच राहिली.

मी रात्रीतून बदलीविरुद्ध पत्रक लिहिलं आणि परिचरांपुढे धरलं.

"पत्रक वाचून कोंबडीनं अंडं देलं काय कधी?" ते म्हणाले. "आता नळ्या वाळवून राहिले ना? मंग झालं."

झालं? तुम्हीच सांगा, काय झालं?

बसस्टँडवर मी त्यांना चहा घ्यायला थांबवलं. टपरीवाल्यानं विसळलेला ग्लास पुढे केला. त्यांनी तो उपडा करून तळहातावर दोनदा ठोकला आणि उन्हात धरला.

"चहाच घ्यायचाय ना, काका?" टपरीवाला वैतागला.

ते ओशाळले. ग्लास हळूच फळीवर ठेवला आणि चहा न घेताच भिवापूरच्या बसमध्ये जाऊन बसले.