न वाढलेलं जेवण

ज्या दिवशी माझ्या वारलेल्या बहिणीचं पुण्यानुमोदन होतं, त्या दिवशी विहारात शिजलेलं जेवण मी वाढू दिलं नाही. त्या दिवसापासून माझा भाऊ आणि मी एकमेकांशी बोलत नाही.

आम्ही तीन भावंडं. बहीण थोरली, तिला आम्ही दोघं बाई म्हणायचो. मी मधली. भाऊ धाकटा, तो मला ताई म्हणतो, म्हणजे म्हणायचा. बाई समुद्रपूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवत होती. मी वर्ध्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. आम्ही दोघींनी लग्न केलं नाही. भाऊ पुलगावला नोकरीला लागला आणि तिथलाच झाला. सेवाग्रामच्या रस्त्याला आम्ही बहिणींनी घर बांधलं, तेव्हा बाईनं हट्टानं मागच्या बाजूला वेगळ्या दाराची एक खोली काढून घेतली.

त्या हट्टामागं भाऊच होता. तो वर्ध्याला शिकायला आला तेव्हा त्याला खोली मिळत नव्हती. घरमालक गाव विचारायचे, मार्क विचारायचे, एखादा पाणीही द्यायचा. मग आडनाव विचारायचे. त्यानंतर त्या घरी कोणीतरी पाहुणे येणार असायचे आणि खोली त्यांना लागणार असायची. भाऊ गावी परत आला की चपला अंगणात भिरकावायचा आणि जेवायचा नाही. बाईनं हे लक्षात ठेवलं होतं. घर झालं त्या दिवशी ती मला म्हणाली, "जिले कोणी देत नाई, तिले देजो हे खोली."

म्हणून ती मुलगी आमच्याकडे आली. मिझोरामची, दवाखान्यात नर्स. आधीच्या एका घरमालकिणीनं तिच्या स्वयंपाकाला वास येतो म्हणून तिला काढलं होतं, दुसरीनं तोंड पाहूनच दार लावलं होतं. बाईनं तिला नाव विचारलं. तिनं सांगितलं. बाईनं ते दोनदा म्हणून पाहिलं, जमलं नाही, आणि म्हणाली, "जाऊ दे, मी तुले पोरीच म्हणीन." मुलगी हसली. पुढं ती मराठी शिकली, पण वॉर्डातल्या पेशंटांकडून आणि भाजीवालीकडून. त्यामुळे तिला बाईचं बोलणं कळायचं आणि माझं पुस्तकी मराठी कळायचं नाही. "आंटी, तुमी काय बोलून राह्यले, मले नाई समजत," असं ती मला म्हणायची तेव्हा बाई खोकला येईपर्यंत हसायची.

आमच्या चौकात एक पानठेला आहे. तिथं बसणारी पोरं तिला येता-जाता हाका मारत. "ए चायना! मोमो गरम हाय का?" "ए चिंकी, डोये उघड ना!" ती पिशवी छातीशी धरून सरळ जायची. मी बरोबर असले तर मीही सरळ जायचे. अडाणी पोरं, असं म्हणून मी सोडून द्यायचे. बाई मात्र थांबायची. रस्ता ओलांडून ठेल्यासमोर उभी राहायची आणि वर्गात विचारावं तसं विचारायची, "कोणाचा रे तू? नाव सांग बापाचं." पोरगा फोनमध्ये तोंड घालायचा. "नाई माहीत? बरं, मायले विचारून ये, मी थांबतो इथं." ठेलेवाला पानाला चुना लावता लावता हसायचा आणि पोरं पांगायची.

मग बाई आजारी पडली. फुप्फुसाचा आजार होता आणि उशिरा कळला. शेवटचा हिवाळा ती खाटेवरच होती. ड्यूटी संपली की ती मुलगी कपडे बदलून आमच्याकडे यायची. बाईची कूस बदलायची, पाठ पुसायची, पावडर लावायची, चमच्यानं पेज भरवायची. मला जमत नसे असं नाही, पण बाई माझ्यावर चिडायची आणि तिच्यावर चिडायची नाही. भाऊ रविवारी सफरचंदं घेऊन यायचा आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसायचा. एकदा त्यानं विचारलं, "तुमची नेपाळीन दिसत नाई आज?" बाई म्हणाली, "नेपाळीन नाई, नर्स हाय थे. अन् तुह्यासारखी खुर्चीत बसून राहत नाई." तो हसला. त्याला असली बोलणी लागत नसत.

बाई सकाळी वारली. शेवटचं पाणी त्या मुलीनं पाजलं. डोळे तिनंच मिटले. भाऊ दुपारच्या गाडीनं आला.

पुण्यानुमोदन आमच्या वस्तीतल्या विहारात ठेवलं. सगळे पांढऱ्या कपड्यांत. तीही रजा टाकून आली, पांढरा सलवार-कुर्ता घालून. मी मागच्या बाजूला आचाऱ्याजवळ होते, म्हणून पुढं काय झालं ते मला उशिरा दिसलं. विहाराच्या अध्यक्षांनी तिचा चेहरा पाहिला आणि त्यांना वाटलं, ही बाहेरच्या बौद्ध देशातून आलेली उपासिका. नागपूरला दीक्षाभूमीवर दरवर्षी असे लोक येतात, त्यातले काही आमच्याकडेही येऊन गेले आहेत, आणि ते आले की वस्तीला सण असतो. अध्यक्षांनी हात जोडून तिला पुढं नेलं, भन्तेजींच्या आसनाजवळ बसवलं. माइकवरून सांगितलं की आज आपल्यात थायलंडच्या ताई आल्या आहेत. बायका रांगेनं तिच्या पायाशी वाकू लागल्या. एकीनं नातवाला तिच्या मांडीजवळ बसवून फोटो काढला. ती पाय ओढून घेत होती आणि मान उंच करून मला शोधत होती.

मी गर्दीतून पुढं निघाले, तोपर्यंत वंदना सुरू झाली. सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. त्यानंतर कुटुंबाच्या वतीनं भाऊ बोलायला उभा राहिला.

भाऊ बोलतो चांगला. जयंतीला त्याला आजूबाजूच्या गावांतून बोलावणं असतं. आमच्या आजाच्या ताटात काय असायचं आणि त्यावरून गाव काय काय बोलायचं, हे तो अशा भाषणांत सांगतो आणि लोक डोळे पुसतात. त्या दिवशी त्यानं माइक हातात घेतला आणि आधी अध्यक्षांकडे पाहिलं.

"अध्यक्षसाहेब, तुमी तं पार फसले," तो म्हणाला. "हे कुठची थायलंडची? हे आमच्या बाईची किरायेदारीन होय. मिझोरामची. किरिस्ताव हाय. काऊन पाया पडून राह्यले तिच्या? हे लोक कुत्रं सोडत नाईत, मांजर सोडत नाईत. आपल्या वस्तीतले कुत्रे मोजून घ्या आज."

आधी पुरुषांकडून हसणं आलं. मग बायकांकडून. जिनं फोटो काढला होता तिनं नातवाला उचलून आपल्याकडे घेतलं आणि हात पदराला पुसला. अध्यक्ष खाली वाकून मुलीला म्हणाले, "ताई, तुम्ही जरा मागं बसा. हे जागा दुसऱ्यासाठी हाय." हे सगळं बाईच्या फोटोसमोर झालं. फोटोपुढं मेणबत्त्या जळत होत्या.

मुलगी उठली. कोणाकडे न पाहता दाराशी गेली आणि चपला शोधू लागली.

मी बाईविषयी लिहून नेलं होतं. कित्येक रात्री जागून लिहिलेले ते कागद माझ्या हातात होते. मी माइकपाशी गेले. भाऊ बाजूला होत म्हणाला, "बोल, ताई." मी कागद उघडले नाहीत.

"माझ्या बहिणीचं अंग या मुलीनं पुसलं," मी म्हणाले. "शेवटचं पाणी हिनं पाजलं. आत्ता जे हसले, त्यांनी माझ्या बहिणीच्या नावाचं अन्न खाऊ नये. मला तुमच्यातून हसणारे वेगळे काढता येत नाहीत, म्हणून जेवण कोणालाच मिळणार नाही. कार्यक्रम संपला."

मी मागं गेले आणि आचाऱ्याला सांगितलं, झाकणं उघडू नका. वरण, भात, आलू-वांग्याची भाजी, बुंदी, सगळं तयार होतं. पत्रावळ्या मांडल्या होत्या.

गलका झाला. "जेवण समाजाचं असते, एकटीचं नाई!" "शिकलेल्या बाया अशाच असते." भन्तेजी डोळे मिटून बसले होते. भाऊ धावत मागं आला.

"येडी झाली का ताई? एका चिनी पोरीसाठी? लोकं गावाहून आले हायेत. बाई गेली थे डोक्यात गेलं तुह्या."

"माफी माग तिची," मी म्हणाले. "इथंच, माइकवर. मंग वाढू जेवण."

"कोणाची? तिची?" तो म्हणाला, आणि पुन्हा हसला.

माइकवरचं बोलणं कदाचित मी कालांतरानं गिळलं असतं. तोंडातून गेलं, लोकांसमोर चेव आला, असं काहीतरी मी स्वतःला सांगितलं असतं. मला ती सवय आहे. या दुसऱ्या हसण्याला मला काही सांगता आलं नाही. तिथं माइक नव्हता, लोक नव्हते, फक्त मी आणि आचारी होतो. मी भावाला म्हणाले, "जा पुलगावले. परत येऊ नको." जेवण आचाऱ्यानं गाडीत घालून दवाखान्याबाहेर थांबलेल्या पेशंटांच्या नातेवाइकांना वाटलं.

संध्याकाळी मी मागच्या खोलीत गेले. ती खाटेवर बसली होती. मला वाटलं होतं, ती रडेल. ती रागात होती, आणि राग माझ्यावर होता.

"क्यों बोला आंटी? मैं रोज़ सुनती हूँ. सुनके निकल जाती हूँ. अब सबको मेरा चेहरा याद रहेगा." मग म्हणाली, "तुमाले घरात राहा लागते. मले त्याच रस्त्यानं जा लागते."

तिचं खरं निघालं. पानठेल्यावर नवी हाक सुरू झाली, "ए पंगत उठवणारी!" बाई नव्हती आणि मला पोरांच्या बापाची नावं विचारता येत नाहीत. मी एकदा गेले, उभी राहिले, बोललेही. पोरांनी गाण्याचा आवाज वाढवला. महिनाअखेरीला मुलीनं दुसऱ्या शहरात नोकरी पाहिली. खोली झाडून, पुसून, किल्ली माझ्या हातात दिली. बाईच्या फोटोसमोर थोडा वेळ उभी राहिली. मला नुसतं "येते आंटी" म्हणाली.

नंतर नातेवाईक समजवायला येऊ लागले. एक मावसबहीण सगळ्यांत जास्त बसायची. "सख्खा भाऊ होय थो. तुह्यामागं आता कोण हाय? आपण एवढं सोसलं, अन् थ्यानं जराशी मस्करी केली तं एवढं? तूच तं म्हणते ना, सगळ्याइले समजून घ्याव?"

होय, मी म्हणत असे. ग्रंथालयात सहिष्णुतेवरची पुस्तकं मी कपाटात लावत आले, त्यांतली बरीच वाचली. भावाचं मत कोणाला जातं, तो कोणत्या बाबाकडे जातो, घरात बायकोशी कसा बोलतो, यातलं पुष्कळ मी सोसलं आणि पुढंही सोसलं असतं. पण एका माणसाला समोर बसवून, तिच्या तोंडावर, शंभर माणसांना हसवणं मी सोसणार नाही. आणि मला भावाला समजून घ्यायचं नाही, कारण मला तो पुरता समजतो. खोलीसाठी आडनाव विचारल्यावर माणूस चपला का भिरकावतो, हे त्याला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना मी अडाणी म्हणून सोडत आले. त्याला काय म्हणून सोडू? मावसबहिणीला मी एवढंच म्हणाले, "चहा झाला असेल तर ये आता." ती पुन्हा आली नाही.

बाईच्या वर्षाच्या आधी भावाचा फोन आला. "वर्षाले काय करायचं, ताई?"

"तिले फोन करून माफी मागितली का?"

"अजून तिथंच हाय का तू?"

मी फोन ठेवला. वर्षाला विहारात काही केलं नाही. घरी फोटोपुढं मेणबत्ती लावली, आणि ते लिहून नेलेले कागद मोठ्यानं वाचले.

मागची खोली रिकामी आहे. घरात मी एकटी राहते. भाऊ पुलगावला आहे.