मूठभर जवस

चिमूरच्या बाजारात सशांचं खाद्य विकणारा तो दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी एकच विचारायचा, "नाव ठेवलं का त्याचं?"

नाही म्हटलं की ससा कापायचा आहे, हे तो ओळखायचा आणि वजन वाढवणारं मक्याचं खाद्य द्यायचा. नाव ठेवलेला ससा प्रदर्शनाचा. त्याच्यासाठी वर मूठभर जवस. "यानं केस चमकते, भाऊ." मी मक्याचंच न्यायचो, तरी दर वेळी विचारायचा. मला चीड यायची. कापायच्या जनावराला कोण नाव ठेवतं?

दुकानात एक पांढरा ससा होता, दुकानदाराच्या बायकोनं प्रदर्शनासाठी वाढवलेला. बायको वारली आणि सशानं खाणं सोडलं. जवस, हरभऱ्याचा पाला, सगळं करून झालं.

परवा गेलो, तेव्हा त्यानं काही विचारलं नाही. पुडीच्या कागदावर एक नाव लिहून माझ्यापुढं सरकवलं.

"तिच्या हाकेवरच खाये तो. तुमीच हाक मारा, भाऊ. माह्याच्यानं होत नाई."

मी हाक मारली, "कापश्या!"

सशानं कान टवकारले. पुढ्यातल्या जवसाला तोंड न लावता तो दाराकडं पाहत राहिला.

दुकानदारही तिकडंच पाहत होता.