चार बोटं उंच

फान शुइयिंग जेमतेम पाच फूट. पण चार बोटं जाड तळाचे बूट चढवले की शांघायच्या आमच्या नाटक मंडळीत तिच्याइतका देखणा नवरदेव दुसरा नव्हता. मंडळी सगळी बायकांचीच, पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करायच्या. मी कपडेपट सांभाळायचे. शुइयिंगची नायिका लुओ चाइल्यान. दोघी सात वर्षं एका खोलीत राहिल्या. चाइल्यान तिला रंगमंचावर ‘अहो’ म्हणायची आणि चुलीपाशीही ‘अहो’च. आम्ही हसायचो. शुइयिंग हसायची नाही. तिला ते खरं वाटायचं.

अठ्ठावन्न साली आमच्या नाटकावर सिनेमा ठरला. दिग्दर्शक म्हणाला, “बाईने बाईला मिठी मारलेली पडद्यावर चालायची नाही. नायक पुरुषच हवा.” नट आणला. उंच, गोरा, आणि गळ्याच्या नावाने शंख. आमच्या चाली बायकांच्या पट्टीतल्या, त्याला एक ओळ झेपेना. सिनेमा रद्द व्हायची पाळी आली, तेव्हा चाइल्यान रडत आली.

“अहो, तुम्ही आवाज द्या ना त्याला. माझ्यासाठी.”

“देईन. पण गाणं चालू असताना तू माझ्याकडे बघायचंस. मी कॅमेऱ्यामागे उभी राहीन.”

“बघेन हो. दुसऱ्या कुणाकडे बघितलंय मी कधी?”

सिनेमात गाणी आधीच भरून घेतात, हे त्या खुळीला कुणी सांगितलंच नव्हतं. ध्वनिमुद्रणाला ती बूट घालून आली. त्यांच्याशिवाय तिचा आवाजच लागत नसे. ठकठक होते म्हणून ते काढायला लावले. मोज्यांवर उभी राहून, समोरच्या काचेकडे बघत ती गायली. चित्रीकरणाला गेली, तर फाटकावरूनच परत पाठवलं. “तुमचं काम झालंय, बाई.” माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सिनेमा लागला तेव्हा शुइयिंग आणि मी गेलो. शेजारची म्हातारी म्हणाली, “काही म्हणा, असा आवाज पुरुषाच्याच गळ्यात!” शुइयिंगने माझा हात घट्ट धरला. बाहेर चाइल्यान त्या नटाशेजारी उभी होती, भोवती गर्दी. शुइयिंग धावतच पुढे गेली.

“आलात का, शुइयिंगताई?” चाइल्यान म्हणाली. “बरं वाटलं हो.”

दुसऱ्या दिवशी शुइयिंगने बूट माझ्यापुढे आणून ठेवले.

“तळ कापून टाक. घरात घालायला होतील.”

“वेडी झालीस का?”

“काप म्हणते ना!”

मी करवत आणली.