खालचे दोन कप्पे

बाबाने तुम्हाला एवढंच सांगितलं असेल, की आजीच्या हृदयाची तपासणी झाली आणि सगळं ठीक आहे. ते खरंच आहे. पण त्या दिवसाचं बाकीचं फोनवर सांगायला जमत नाही, म्हणून लिहिते.

हृदयाला चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांत रक्त येतं, खालचे दोन ते पुढे ढकलतात. तुमच्या पुस्तकात त्यांना व्हेंट्रिकल्स म्हणत असतील. हे खालचे दोन एकाच वेळी आवळले पाहिजेत. माझा डावा कप्पा मागे पडत असावा, अशी ईसीजीवरून डॉक्टरांना शंका आली. जिना चढताना धापही लागत होती. फरक मोठा निघाला, तर दोन्ही कप्प्यांना एकदम इशारा देणारं यंत्र छातीत बसवायचं. आणि यंत्र बसवायचं ठरलं, तर बाबा तुम्हाला घेऊन येणार होता. रजेचं त्याने विचारूनही ठेवलं होतं. त्यामुळे निकाल काय यावा याबद्दल माझ्या मनात जे होतं, ते डॉक्टरांना सांगण्यासारखं नव्हतं.

गंगापूर रोडवरून रिक्षाने हॉस्पिटलात गेले. काउंटरवर विचारलं, "सोबत कोण आहे?" म्हटलं, "कोणी नाही, एकटीच."

हाताच्या शिरेत इंजेक्शन दिलं. त्या औषधात थोडा किरणोत्सर्ग असतो. ते हृदयाच्या स्नायूत जाऊन बसतं आणि कॅमेरा बाहेरून त्याचं चित्र घेतो. इंजेक्शन झालेल्यांना वेगळ्या खोलीत बसवतात. नातेवाइकांना तिथे येऊ देत नाहीत. त्या खोलीत कुणाच्याच सोबत कुणी नव्हतं. मला जरा बरं वाटलं.

शेजारी माझ्याच वयाच्या एक बाई होत्या, हरसूलकडच्या. टेक्निशियन मुलगी सगळ्यांना सांगून गेली, "उद्या सकाळपर्यंत लहान मुलांना जवळ घेऊ नका."

बाई घाबरल्या. "अन् माझा नातू? माझ्या कुशीत निजतो त्यो. त्याला लय सवय हाय."

"आजची रात्र आईजवळ झोपवा, मावशी." मग ती माझ्याकडे वळली. "आजी, तुमच्याकडे?"

"माझी नातवंडं परदेशात असतात."

"मग तुमचं सोपं आहे," ती म्हणाली आणि गेली. तिच्या मनात काही नव्हतं.

आम्ही डबे खाल्ले, मग मला कॅमेऱ्याखाली नेलं. छातीला ईसीजीच्या वायरी लावल्या, म्हणजे प्रत्येक ठोका कुठे सुरू झाला ते संगणकाला कळतं. हात डोक्यावर घेऊन निश्चल पडायचं. चित्र पाहून मुलीने कपाळाला हात लावला.

"आजी, काय खाल्लंत?"

"फुलका. दुधीची भाजी, बिनतेलाची."

"अहो, तुपकट, तळलेलं खायचं असतं यात! औषध यकृतात साठतं, ते तुपातेलाने खाली उतरतं. तुमचं यकृत हृदयावर चमकतंय. सगळे हार्टवाले असाच डबा आणतात, काय करू मी!"

गेले कित्येक महिने मी तेल मोजून वापरते. इथेही शिस्तीने वागले, आणि चित्र बिघडलं. पुन्हा त्या खोलीत येऊन बसले. तळलेलं लागतं म्हणून बाईंच्या मुलाने बाहेरून वडे पाठवले होते. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"घ्या ताई. डाक्टर सोता वडा खा म्हनतोय, असा दिस परत येनार नाय."

"घरी कळलं तर?"

"कोन सांगनार? हितं समदे आपल्यासारकेच!"

आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसलो. मग बाईंना आत बोलावलं आणि मी उरलेला वडा एकटीने संपवला.

दुसऱ्या वेळी चित्र नीट आलं. डॉक्टरांनी पडद्यावर माझं हृदय फिरवून दाखवलं. खाली टेकडीसारखा आलेख होता. सगळे भाग एकदम आवळले तर टेकडी उंच आणि अरुंद येते, मागेपुढे झाले तर पसरते. माझी अरुंद होती, एका बाजूला थोडी कललेली.

"किंचित उशीर आहे, पण यंत्राची गरज नाही. गोळ्यांवर भागेल. अभिनंदन, आजी!"

मी थँक्यू म्हटलं. माझा चेहरा बघून त्यांना वाटलं, मला समजलं नाही. त्यांनी पुन्हा समजावून सांगितलं.

घरी येऊन बाबाला फोन केला.

"अगं, सुटलो! किती काळजी होती," तो म्हणाला. "मग रजा पुढे ढकलतो, आई. उन्हाळ्यात बघू."

"हो, बघ," म्हणून मी फोन ठेवला. पान वाढून घेतलं, पण जेवण गेलं नाही. तुमच्यासाठी आतल्या खोलीतलं कपाट रिकामं केलं होतं. त्यात साड्या परत लावायला घेतल्या, दोन लावल्या आणि थांबले. पुन्हा फोन लावला.

"काय गं, काही होतंय का?"

"काही होत नाहीये. रजा पुढे ढकलू नकोस."

"पण डॉक्टर म्हणाले ना—"

"म्हणाले. गरज नाही. तरी ये. मुलांना घेऊन ये."

तुमच्यापैकी कुणीतरी मागे नळ सोडला होता, त्याचा आवाज येत होता.

"बघतो, आई."

एरवी तो बघतो म्हणाला, की मी हवापाण्याच्या गप्पांवर जाते. या वेळी विचारलं, "बघून कधी सांगशील?"