नाभी तीच राहते

जबलपूरच्या फलाटावर उतरलो तेव्हा माझी नजर एका लठ्ठ माणसाला शोधत होती. माझा मावसभाऊ विनय मला घ्यायला येणार होता. बसला की खुर्ची करकरायची, हसला की आधी पोट हलायचं, असा विनय मी चार वर्षांपूर्वी पाहिला होता. गर्दी ओसरली, तरी तो दिसेना. इतक्यात स्वेटर घातलेला एक सडपातळ गृहस्थ माझ्या हातातली बॅग ओढू लागला. मी ती घट्ट धरली.

"काहून घाबरून राहिलास, दादा? मीच आहे ना!"

आवाज विनयचा होता. मी बॅग सोडली.

विनय जबलपूरजवळच्या कुंडम गावच्या शाळेत गणित शिकवतो. तिथला जंगलातला रस्ता त्याने आधी चालून आणि मग धावून पालथा घातला, खाणं आवरलं, आणि दोन वर्षांत तो निम्मा झाला. आता त्याचं पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं. दवाखान्यात सोबतीला घरचं माणूस हवं, म्हणून त्याने मला पुण्याहून बोलावून घेतलं होतं. इतकं बारीक झाल्यावर पोटाचं ऑपरेशन कशाला, हे मला कळेना.

कांचघरला त्याच्या घरी मावशीने 'खोवे की जलेबी' (खव्याची, काळपट रंगाची जाड जिलबी) पुढे ठेवली. मी तीन खाल्ल्या. विनयने एक तुकडा मोडला आणि मला आतल्या खोलीत बोलावलं. दार लावून त्याने स्वेटर आणि सदरा वर केला.

पोटावरून कातडीचा एक मोठा पदर खाली लोंबत होता. आत काहीच नव्हतं. तो दोन्ही हातांनी उचलून त्याने मला खालची घडी दाखवली. घामाने तिथली कातडी लाल होऊन सोलली होती.

"धावताना टाळ्या वाजल्यासारखा आवाज येतो. म्हणून पोट धोतराच्या पट्टीनं बांधून धावतो. व्यायामानं चरबी जाते दादा, हे नाही जात. आणि बोलू कोणाला? लोक म्हणतात, मर्दाला कशाला हवं सुंदर पोट!"

मीही स्टेशनवरून घरी येताना मनात हेच म्हटलं होतं. 

मावशीचा ऑपरेशनला विरोध होता. "आजार नाही, काही नाही. चांगलं कातडं काहून कापायचं?" असं म्हणून ती स्वयंपाकघरात निघून जायची.

दुसऱ्या दिवशी विनय आम्हा दोघांना भेडाघाटला घेऊन गेला. धुवांधार धबधब्यापाशी नर्मदा इतक्या जोरात खाली कोसळते की तुषारांचा धूर होतो आणि शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. मावशीने हात जोडले. मीही नकळत जोडले. मग आम्ही नावेत बसलो. दोन्ही बाजूंना संगमरवराचे उंच कडे होते, कुठे दुधासारखे पांढरे, कुठे निळसर. मधल्या पाण्याला आवाजच नव्हता. या एवढ्याशा शांत पाण्याने हा डोंगर कापलाय, यावर विश्वास बसत नव्हता.

नाव सुटण्याआधी नावाड्याने सगळ्यांना जॅकेटं दिली होती. "भैया, पट्टा कसो," तो विनयला म्हणाला. विनयने पट्टा सैलच ठेवला होता. नावाड्याने स्वतः पुढे होऊन तो ओढला. विनयने ओठ दाबून धरले आणि फेरी संपेपर्यंत तो कड्यांकडे बघत राहिला. उतरल्यावर जॅकेट काढलं, तर सदऱ्यावर रक्ताची ओल होती.

मावशीने ती पाहिली. "अच्छा, तर असं आहे," एवढंच ती बोलली. परतताना ऑटोत मात्र म्हणाली, "चलो, त्या डॉक्टरला मला एक गोष्ट विचारायची आहे."

डॉक्टरीण बाईंचा दवाखाना नेपियर टाउनमध्ये होता. त्यांनी काही लपवलं नाही. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत व्रण राहील, तो जन्मभर दिसेल. रक्त साचू शकतं, पायात गुठळी होऊ शकते. वजन स्थिर व्हावं म्हणून त्यांनीच विनयला वर्षभर थांबायला लावलं होतं.

मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "और नाभि? वो भी काट देंगे?"

"नहीं माताजी. नाभि अपनी जगह रहेगी." बाईंनी कागदावर पोट काढलं. नाभीभोवतीची कातडी गोल सोडवायची, वरची कातडी खाली ओढायची, जादा असेल ती कापायची, आणि नव्या कातडीला छिद्र पाडून तीच नाभी बाहेर काढायची. आतून ती जिथे जोडलेली आहे, तिथेच राहते.

मावशी बराच वेळ त्या चित्राकडे पाहत होती. "मग करा," ती मराठीतच म्हणाली. बाईंना ते समजलं.

ऑपरेशनच्या सकाळी विनयला उभं करून बाईंनी त्याच्या पोटावर पेनाने रेघा आखल्या. तो मला म्हणाला, "भूमिती करून राहिल्या," आणि आत गेला. दुपारी त्याला बाहेर आणलं तेव्हा सगळं ठीक होतं. पोटाला घट्ट पट्टा, बाजूने रक्त वाहून जायला दोन नळ्या. पण संध्याकाळ व्हायच्या आत एका नळीची पिशवी भराभर लाल होऊ लागली आणि विनयचा चेहरा पांढरा पडला. मी सिस्टरांना हाक मारली. बाई धावत आल्या, आणि त्याला परत आत नेलं.

मी मावशीशेजारी बाकावर बसलो. ती देवाचं नाव घेत नव्हती, रडतही नव्हती. मग म्हणाली, "जन्मला तेव्हा याच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. तेव्हाही असंच दार बंद होतं, पण मी आत होते."

दार उघडलं. एक लहानशी रक्तवाहिनी सुटली होती, ती बांधली होती. बाईंच्या कपाळावर घाम होता. "अब ठीक है, माताजी," त्या म्हणाल्या. मावशीने त्यांचा हात धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही.

काही दिवसांनी पट्टी बदलताना मावशीने पाहू देण्याचा हट्ट धरला. कमरेभर टाके, वर सपाट पोट, आणि मध्ये सुजलेली, भोवताली बारीक टाके असलेली नाभी. ती वाकली आणि चष्मा सावरून नाभी निरखत राहिली. "तीच आहे," ती म्हणाली. विनयला हसू आलं, आणि हसल्याबरोबर टाके ओढले जाऊन तो कळवळला. "आई, हसवू नको ना!"

नळ्या निघाल्यावर मी परत निघालो. विनय अजून कमरेत वाकून चालत होता, तरी दारापर्यंत आलाच.

इटारसीपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. संगमरवराचे ते कडे पाहून छाती दडपली होती, हे खरं. पण त्या बाकावर बसून बंद दाराकडे पाहताना जे वाटलं, त्याला काय म्हणावं? भय म्हणावं, तर त्यात नुसतं भय नव्हतं. माणूस फाडतात, शिवतात, आणि तो उठून आईवर रुसतो, याचं मला अजून नवल वाटतं.

वैशाखात एका दुपारी विनयचा फोन आला. नाभीखालची कातडी इतके महिने बधीर होती, हे त्याने मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.

"दादा, आज आंघोळीला पहिला तांब्या ओतला ना," तो म्हणाला, "तर पाणी गार लागलं."