दादाचं जुनं पान

आमच्या धंद्यात भूत नसतं, बग असतो, म्हणजे प्रोग्राममधली चूक. वेबसाइट उघडत नाही म्हणून तोंड पाडून आलेल्या प्रत्येक क्लायंटला मी हे वाक्य ऐकवत आलोय. तुमच्या या भुताखेतांच्या सदरातले अनुभवही मी चहासोबत, बायकोला वाचून दाखवत, खो खो हसत वाचायचो. आज तिथेच लिहायला बसलोय... हसायचं असेल तर हसा, मी काही बोलणार नाही.

आम्ही जबलपूरचे. आजोबा विदर्भातून इकडे आले, बाबा इथल्या एका फॅक्टरीत फिटर होते. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि आमच्या पिढीच्या तोंडात दोन्हींची खिचडी, तेव्हा भाषा सांभाळून घ्या. मोठा भाऊ - दादा - आणि मी मिळून वेबसाइटचं काम करायचो. शहरातल्याच गढा भागात मेडिकलच्या दुकानावरची खोली म्हणजे आमचं ऑफिस. शाळा, एक नर्सिंग होम, भेडाघाटचे मूर्तीवाले, असे क्लायंट. सगळ्यांच्या साइट एकाच भाड्याच्या सर्व्हरवर, आणि त्या सगळ्या दादानं एकट्यानं जुन्या पीएचपीत लिहिलेल्या.

पीएचपी म्हणजे वेबसाइट जिच्यात लिहितात ती कॉम्प्युटरची भाषा. तिचं नवं व्हर्जन आलं की जुनं लिखाण त्यात चालेलच असं नाही. म्हणून आम्ही एका सर्व्हरवर दोन्ही व्हर्जन चालू ठेवली होती, एका स्वयंपाकघरात दोन चुली मांडाव्यात तशी. दादाची जुनी पानं जुन्यावर, मी नव्यानं लिहिलेली नव्यावर. एकेक साइट इकडून तिकडे न्यायची आणि शेवटी जुनी चूल विझवायची, असं ठरलं होतं.

मागच्या वर्षी दादा गेला. भर दुपारी, ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या. मी खाली समोसे आणायला गेलो होतो. वर आलो तर सगळं आटोपलं होतं. तिलवाऱ्याला नर्मदेत अस्थी सोडल्या आणि त्याच आठवड्यात मी कामाला लागलो, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

पुढे नर्सिंग होमच्या साइटवर अचानक जुगाराच्या जाहिराती झळकायला लागल्या. जुन्या पीएचपीची भोकं शोधून कोणीतरी आत शिरलं होतं. तिथले डॉक्टर फोनवर जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी रात्रंदिवस एक करून उरलेल्या सगळ्या साइट नव्यावर आणल्या. आता जुनं व्हर्जन काढून टाकायचं, बस्स.

वहिनी गढ्यातच राहतात, एकट्या. मुलगी नागपूरला नोकरी करते. दादा गेल्यापासून रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जातो. जेवताना सहज सांगितलं, "वहिनी, दादाचं जुनं सगळं आता बंद करून राहिलो."

त्यांचा हात वाढता वाढता थांबला. "काहून?"

मी भोकं, जाहिराती, सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठल्या, फोन आणला आणि माझ्यापुढे धरला. पांढरं पान, वर दोनच शब्द - "मी आहे". खाली त्या क्षणाची वेळ.

ते पान मी पार विसरलो होतो. सर्व्हर जिवंत आहे की नाही हे बघायला दादानं ते बनवलं होतं. ते उघडलं की सर्व्हर डेटाबेसला, म्हणजे माहितीच्या साठ्याला, जाऊन विचारतो आणि सगळं ठीक असेल तर उत्तर छापतो. लोक तिथे "ओके" लिहितात. आमच्या क्वार्टरमध्ये लहानपणी लाइट गेली की आई अंधारात हाक मारायची, "कोण कुठे आहे रे?" आणि दादा लगेच ओरडायचा, "मी आहे!" मी भित्रा होतो, तो आवाज ऐकला की रडायचं थांबायचो. पानावर तेच लिहिलं होतं त्यानं.

"रोज सकाळी उघडते," वहिनी म्हणाल्या. "मग उठते, इन्सुलिन घेते, चहा ठेवते. आधी नाही होत, भाऊजी. हात-पायच हलत नाहीत."

मी म्हटलं, "अहो, अगदी असंच पान नव्यावर बनवून देतो. फरकसुद्धा कळणार नाही."

त्या ताटं उचलून आत गेल्या.

आता खंडेनवमीचं सांगितलं पाहिजे. त्या दिवशी बाबा हातोडी, पाने, पकडी देवापुढे मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, आणि घरात कोणी कशाला हात लावायचा नाही, अगदी कात्रीलासुद्धा. दादानं तोच नियम ऑफिसात आणला. कीबोर्डवर झेंडूचं फूल, आणि दिवसभर सर्व्हरवर कोणी लॉगिन करायचं नाही. मी चिडवायचो, तर म्हणायचा, "वर्षभर राबते ना बे ते? एक दिवस आराम करू दे."

मी नेमका तोच दिवस निवडला. सगळ्यांना सुट्टी, साइटवर गर्दी नाही, यापेक्षा चांगला मुहूर्त कोणता! सकाळी लॉगिन केलं, जुनं पीएचपी मुळासकट काढलं, जुना डेटाबेस बंद केला. दादाचं पान उघडून बघितलं. एरर. वहिनींचं नवं पान संध्याकाळी टाकू म्हटलं आणि घरच्या पाहुण्यांमध्ये साफ विसरलो.

दुसऱ्या दिवशी दसरा. उठल्या उठल्या आठवलं. अंघोळ न करता गाडी काढली. वाटेत डोक्यात नको नको ते येत होतं... पोचलो तर वहिनी पदर खोचून दाराला तोरण बांधत होत्या.

"या. चहा ठेवलाच आहे."

"वहिनी, पान...?"

"उघडलं ना. काहून?"

म्हटलं कॅशे असेल, म्हणजे फोननं जुनंच पान जपून ठेवलेलं दाखवलं असेल. त्यांना परत उघडायला लावलं. "मी आहे", आणि खाली आत्ताची वेळ. जपून ठेवलेल्या पानाला आत्ताची वेळ कशी कळणार? त्याच क्षणी माझ्या फोनवर तेच पान... एरर. त्यांचा फोन माझ्या इंटरनेटला जोडायला सांगितला. त्यांच्याकडे "मी आहे", माझ्याकडे एरर.

चहा तसाच ठेवून ऑफिसात पळालो. सर्व्हरकडे कोण काय मागतं त्याची नोंद आपोआप होते. माझी प्रत्येक मागणी तिथे होती, पुढे एरर. वहिनींची एकही नव्हती. म्हणजे त्या जे उघडत होत्या ते आमच्या सर्व्हरवरून येतच नव्हतं. मग कुठून? पत्ता दुसरीकडे वळलाय का बघितलं, जुनी कॉपी कुठे राहिलीये का बघितलं. काही नाही. दादाची खुर्ची अजून तिथेच आहे. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या खोलीत एकट्यानं बसवेना.

मग मी ठरवलं, जे समजत नाही ते झाकून टाकायचं. त्याच पत्त्यावर माझं पान टाकलं. तीच अक्षरं, तोच आकार, खाली वेळ. माझ्या फोनवर उघडलं. चला, मिटलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनींचा फोन. आवाज खोल गेलेला. "भाऊजी, आज तुम्ही लिहिलं काय?"

मी चक्क खोटं बोललो. "नाही. काहून?"

"हे यांचं नाही."

आणि फोन ठेवला. मग पुतणीचा नागपूरहून - काका, आई फोन उचलत नाहीये, जरा बघता का? गेलो. दार नुसतं लोटलेलं. वहिनी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या, इन्सुलिन घेतलेलं नाही, काही नाही. मला राग आला, खरंच सांगतो. ओरडलो मी. "अक्षरं तीच आहेत वहिनी! कोणी टाइप केली याने काय फरक पडते?"

"मग तुम्ही खोटं काहून बोलले?" त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या.

मी तिथेच लॅपटॉप उघडला आणि माझं पान काढून टाकलं. आता त्या पत्त्यावर काहीच नव्हतं, अगदी काहीच. "बघा," म्हटलं. आता काहीच आलं नाही तर या बाईचं काय होईल ते मला दिसत होतं. त्यांनी उशीजवळचा फोन घेतला, उघडलं, बराच वेळ बघितलं. मग उठून बसल्या आणि म्हणाल्या, "इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे, देता का?"

पुढे दिवाळीला पुतणीनं त्यांना नवा फोन आणला. त्यातही पान येतं. पुतणीच्या फोनवर एरर. एका मित्राला सगळं सांगितलं, तो या कामातला वस्ताद. त्यानं चार कारणं सांगितली, मी चारही तपासली, शेवटी तो म्हणाला, "तू थोडे दिवस सुट्टी घे यार."

या वर्षी खंडेनवमीला मी सर्व्हरला हात लावला नाही. कीबोर्डला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग वहिनींकडे गेलो आणि माझ्या फोनवर ते पान उघडलं. एरर.

मी सरळ बोलून टाकलं. "रुसला का हो तो माझ्यावर? इतकी वर्षं शेजारी बसलो त्याच्या."

"घ्या, माझ्यावर पाहून घ्या," म्हणत वहिनींनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला. आजवर मी तो कधी हातात घेतला नव्हता, त्याच उघडून दाखवायच्या. "मी आहे" दिसत होतं. मी फक्त परत उघडायला बोट टेकवलं... आणि पान गेलं. तिथेही एरर. वहिनींनी शांतपणे फोन परत घेतला, पदराला पुसला, बोट टेकवलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की परत आलं.

कारण मला माहीत नाही. शोधायचंही आता मी सोडलंय. तरी रोज सकाळी माझ्या फोनवर ते पान उघडून बघतो. एरर येते. मग वहिनींना फोन लावतो आणि विचारतो, "आहे का?"

त्या म्हणतात, "आहे." मग मी कामाला लागतो.