आजीच्या गोवऱ्या

सिंगापुरात बेडोकच्या आमच्या ब्लॉकमधली संजीवनी नाबर इंडोनेशियन कादंबऱ्यांचे इंग्रजी अनुवाद करते. नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमुळे जकार्तात बरीच वर्षं काढली, तिथेच ती भाषा शिकली. बाई हट्टी. हल्लीच्या कादंबरीत एक म्हातारी म्हणते, "माझ्या अंगाला आता मातीचा वास येतो." म्हणजे मरण जवळ आलं. संपादकाने तिथे नुसतं 'मी म्हातारी झाले' असं करून टाकलं. संजीवनी त्याच्याशी महिनाभर भांडली. जिथे माणसाला पुरतात तिथली म्हातारी असंच बोलणार, हे तिचं म्हणणं. शेवटी मातीचा वास राहिला.

तेव्हाच तिची आई पुण्याहून तिच्याकडे राहायला आली होती. एकदा जेवताना नात अनुया म्हणाली, दिवाळीला आजीला साडी घेऊ. आजी हसली. "मला कशाला? माझ्या गोवऱ्या मसणात गेल्या."

अनुयाचं सगळं शिक्षण इथलं, इंग्रजीतलं. तिने आईला विचारलं, आजी काय म्हणाली? संजीवनीचं लक्ष लॅपटॉपमध्ये. "म्हातारी झाले म्हणतेय," तिने इंग्रजीत सांगून टाकलं.

"नॉट सो ओल्ड, लाह," असं इथल्या पोरांच्या ढंगात म्हणत अनुयाने आजीचा गाल ओढला आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणींबरोबर बालीला गेली.

तिथेच तिला आजी गेल्याचा फोन आला; ती धावत परतली तोवर इथल्या मंडाईच्या स्मशानातल्या दाहिनीत सगळं उरकलं होतं.

"आजी मला काहीच कसं बोलली नाही?" ती रडत विचारत राहिली.

"बोलली होती," संजीवनी म्हणाली. "मी सांगितलं नाही."